घरी बसून कसली नोकरी?



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी मावशीचा फोन आला. मावशी वाळवा तालुक्यातल्या एका गावात राहते. काका दीड वर्षापूर्वी गेले. मागे थोडा ऊस आहे, दोन म्हशी आहेत आणि माझा मावसभाऊ आहे. तो तेवीस वर्षांचा आणि नुकताच कॉम्प्युटर इंजिनियर झालेला. त्याच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एक पुण्यात हिंजवडीला, रोज ऑफिसात जायची, पगार बेताचा. दुसरी एका जर्मन कंपनीची, पगार जवळजवळ दुप्पट, पण पूर्ण घरून. साहेब, टीम, ऑफिस, सगळं तिकडे. हा मात्र माडीवरच्या खोलीत.

मावशीचं म्हणणं सरळ होतं. "अरे, घरी बसून कसली नोकरी? उद्या स्थळ आलं आणि विचारलं मुलगा कुठे असतो, तर काय सांगू, माडीवर असतो?" त्याला पुण्याला पाठव, तू सांगितलंस तर ऐकेल, असा एकूण हुकूम होता. मी म्हटलं, मला एक आठवडा दे.

आठवडा मागायला माझं स्वतःचं कारण होतं. २०२१ साली मी इथे लंडनमध्ये एका कंपनीत लागलो, तेही पूर्ण घरून. तीन वर्षं काम चोख केलं. कौतुकाच्या मेल यायच्या. मग माझा मॅनेजर कंपनी सोडून गेला, वर फेरबदल झाले आणि २०२४ मध्ये एका सकाळी बारा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर मला कामावरून कमी केल्याचं सांगण्यात आलं. सांगणाऱ्या बाईंनी माझं नाव दोनदा चुकीचं उच्चारलं. त्यांची चूक नव्हती, त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं. तीन वर्षांत त्या कंपनीत मला ओळखणारा माणूस एकच होता, आणि तो गेला होता.

तेव्हा मावसभावाला "जा पुण्याला" म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण आपल्या एका अनुभवावरून दुसऱ्याचं आयुष्य ठरवायचं नाही, असं ठरवून मी जरा मागचा इतिहास वाचला. जे हाती लागलं ते इतकं रंजक निघालं की तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

मी हॅरोला राहतो. मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी शहराकडे जाताना डॉलिस हिल स्टेशनवरून न थांबता धडधडत निघून जाते. तिथल्या टेकडीवर ब्रिटिश पोस्ट खात्याचं संशोधन केंद्र होतं. दुसऱ्या महायुद्धात टॉमी फ्लॉवर्स यांनी कोलोसस हे यंत्र बांधलं ते इथेच. आता त्या इमारतीत फ्लॅट आहेत. त्याच लाइनवर उलट्या दिशेला, अगदी शेवटचं स्टेशन चेशम. घरून काम करण्याच्या इतिहासातलं एक मोठं प्रकरण या दोन स्टेशनांच्या मध्ये घडलं आणि मी इतकी वर्षं ये-जा करूनही मला त्याचा पत्ता नव्हता.

त्या बाईंचं नाव स्टेफनी शर्ली. जन्म १९३३, जर्मनीत डॉर्टमुंडला. वडील न्यायाधीश होते, पण ज्यू असल्यामुळे नाझींनी पद काढून घेतलं. १९३९ च्या जुलैत, म्हणजे युद्ध सुरू व्हायच्या जेमतेम दोन महिने आधी, आईवडिलांनी पाच वर्षांच्या या मुलीला आणि तिच्या नऊ वर्षांच्या बहिणीला निर्वासित मुलांच्या गाडीत बसवून इंग्लंडला पाठवलं. इथल्या एका कुटुंबानं तिला वाढवलं. अठराव्या वर्षी ती डॉलिस हिलच्या केंद्रात लागली. दिवसा नोकरी आणि रात्री कॉलेज असं सहा वर्षं करून तिनं गणिताची पदवी घेतली.

नोकरीत एका मर्यादेपलीकडे बाईला वर जाता येत नाही हे लक्षात आल्यावर १९६२ साली तिनं स्वतःची कंपनी काढली. भांडवल सहा पौंड, ऑफिस म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल. नाव 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स'. त्या काळी सॉफ्टवेअर हे यंत्राबरोबर फुकट मिळायचं. ते वेगळं विकणार, तेही एक बाई, याला लोक हसले. कामं मागणाऱ्या पत्रांना उत्तरं येईनात. मग नवऱ्याने सुचवलं की 'स्टेफनी'ऐवजी 'स्टीव्ह' अशी सही करून बघ. उत्तरं यायला लागली! पुढे आयुष्यभर जवळचे लोक त्यांना स्टीव्हच म्हणत. १९६३ साली मुलगा झाला. त्याच्या रडण्याचा आवाज फोनवर जाऊ नये म्हणून त्या मागे टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावून ठेवत. मंडळी, २०२० साली मीटिंगमध्ये कुकरची शिट्टी झाल्यावर म्यूटचं बटण शोधणारे आपण काही पहिले नाही. :-)

त्यांनी कामाला घेतल्या त्या मुख्यतः बायका. लग्न झालं किंवा मूल झालं म्हणून संगणकाची नोकरी सोडून घरी बसलेल्या. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत २९७ बायका होत्या. आता प्रश्न असा की १९६० च्या दशकात घरून प्रोग्रामिंग करायचं कसं? इंटरनेट नाही, घरी संगणक नाही. तर पेन्सिलीने. घरी बसून आधी फ्लोचार्ट काढायचा, मग कागदावर हाताने कोड लिहायचा, तो पोस्टाने केंद्राकडे पाठवायचा. तिथे तो कार्डावर किंवा कागदी टेपवर पंच व्हायचा, पडताळणीसाठी पुन्हा एकदा पंच व्हायचा आणि मग कुठे यंत्रापर्यंत पोचायचा. नोकरीच्या मुलाखतीत एक प्रश्न असा असायचा की तुम्हाला टेलिफोन वापरायला मिळतो का? एवढ्या सामग्रीवर कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग या बायकांनी आपापल्या घरी बसून केलं.

मला यात तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एक, त्यांनी गिऱ्हाइकाला तासांवर बिल लावलं नाही, कामाची ठोक किंमत सांगितली. कारण उघड होतं. बायका अर्धवेळ, घरून, मुलं झोपल्यावर काम करतात हे गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नव्हतं. पण त्याचा परिणाम असा झाला की कोण किती वेळ खुर्चीवर बसलं हा प्रश्नच उरला नाही. दुसरी, प्रत्येक गोष्ट लिहून ठेवण्याची शिस्त. सुरुवातीच्याच एका कामात त्यांनी सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या व्यवस्थापनाची मानकं तयार केली. ती स्वतः वापरली, वर्षानुवर्षं सुधारली आणि पुढे ती नाटोनेही स्वीकारली. शेजारच्या टेबलावर जाऊन "अगं, हे काय गं?" विचारायची सोयच नसेल, तर कागद बोलका हवा.

तिसरी गोष्ट मात्र सहज नजरेतून सुटते. या बायका शिकाऊ नव्हत्या. बहुतेकींनी आधी ऑफिसात, चार जाणत्यांच्या बरोबर बसून हा धंदा शिकलेला होता. घर ही त्यांची काम करण्याची जागा होती, काम शिकण्याची नव्हे.

इकडे हे चालू असताना अमेरिकेत १९७३ साली जॅक निल्स या संशोधकाने 'टेलिकम्यूटिंग' हा शब्द घडवला. हा गृहस्थ मूळचा अवकाशयानांच्या क्षेत्रातला, राहणार लॉस एंजेलिसचा. माणूस चंद्रावर गेला, पण ऑफिसला जायला रोज गाडीत तास घालवतो, हे काही त्याला पटेना. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तेलाचं संकट आलं. निल्सने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे एका विमा कंपनीत प्रयोग केला. त्यात लोकांना थेट घरी बसवलं नव्हतं, त्यांच्या घराजवळच्या छोट्या कार्यालयांत बसवलं होतं. म्हणजे प्रवास वाचला, पण सोबत सुटली नाही. निष्कर्ष उत्तम आले आणि १९७६ साली त्यावर पुस्तकही निघालं. पुढे १९८० मध्ये आल्विन टॉफलरने 'इलेक्ट्रॉनिक कॉटेज'चं स्वप्न रंगवलं. लोकांनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ट्रॅफिकमध्ये जाऊन बसले.

आता आपल्याकडे वळू. दूर बसून मालकाचं काम करणं आपल्याला काही नवीन नाही. हिंगणे घराण्यातले वकील अठराव्या शतकात दिल्लीला राहून पुण्याला पेशव्यांकडे खबरा लिहीत होतेच. पण संगणकाच्या काळात मजा वेगळी झाली. नरेंद्र पटनी हे एमआयटीत शिकलेले इंजिनियर. अमेरिकेतलं काम भारतात करून घेता येईल का, हे बघायला त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या केंब्रिजच्या अपार्टमेंटमध्ये एक गमतीचा प्रयोग केला. एक खोली म्हणजे अमेरिका, दुसरी खोली म्हणजे भारत. दोन्ही खोल्यांमध्ये बोलायचं नाही, जे सांगायचं ते फक्त लिहून. जमलं! मग खरोखरच पुण्यात डेटा एंट्रीचं काम सुरू झालं. कागद समुद्रापलीकडून यायचे आणि टेप परत जायच्या. १९७८ साली पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स उभी राहिली आणि तिथून बाहेर पडलेल्या सात जणांनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिस काढली.

पण इन्फोसिसची सुरुवातीची वर्षं बघा. १९८१ साली कंपनी निघाली आणि स्वतःचा संगणक आला तो १९८३ साली, परवान्यांच्या जंगलातून वाट काढत. तोपर्यंत गिऱ्हाइकाचं काम करायचं तर माणसालाच विमानात बसवून अमेरिकेला पाठवायला हवं होतं. फोन लागत नव्हता, डेटाची लाइन नव्हती, यंत्र नव्हतं. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगलोरला केंद्र काढलं तेव्हा अमेरिकेशी जोडून घ्यायला त्यांना स्वतःची उपग्रहाची डिश बसवावी लागली. १९९० च्या सुमारास सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क काढले. पहिल्या तीन शहरांत बंगलोर आणि भुवनेश्वरबरोबर पुणं होतं. मग कुठे सामान्य कंपन्यांना उपग्रहाची जोडणी भाड्याने मिळायला लागली.

हे वाचताना मी जरा थांबलो. कारण हा आपलाच इतिहास आहे. आपल्या आधीची पिढी, ज्यांना आपण इथे काका-काकू म्हणतो, त्यातले कितीतरी जण इथे का आले? तार नव्हती म्हणून माणूस आला. काम घराकडे जाऊ शकत नव्हतं, म्हणून घर सोडून माणूस कामाकडे गेला. पुढे आपण आलो तेव्हा तार होती, पण वाट पडून गेलेली होती. ज्या मुलाला मी उपदेश करायला निघालो होतो, तो त्या तारेमुळे घर न सोडता तेच काम करू शकणारा आमच्या घराण्यातला पहिला माणूस आहे. मी माझ्या आईच्या आजारपणात तिच्याजवळ नव्हतो. तो मावशीजवळ राहू शकतो. ही गोष्ट पगाराच्या तक्त्यात येत नाही.

शर्लीबाईंच्या कंपनीचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९७५ साली ब्रिटनमध्ये लिंगभेदविरोधी कायदा आला आणि बायकांनाच प्राधान्याने घेण्याचं त्यांचं धोरणच बेकायदा ठरलं! पुरुषांना घेणं भाग पडलं. कंपनी वाढत गेली, नावं बदलत गेली, १९९६ मध्ये शेअर बाजारात आली. बाईंनी आपल्या हिश्श्यातला मोठा वाटा कर्मचाऱ्यांना दिला होता आणि त्यातल्या सत्तर जणी-जण लक्षाधीश झाले. आणि १९९७ साली याच कंपनीने भारतातली आयआयएस इन्फोटेक विकत घेतली. म्हणजे बकिंगहॅमशरमधल्या जेवणाच्या टेबलावरून निघालेलं काम शेवटी नोएडाला पोचलं. काम एकदा ऑफिसच्या भिंतीबाहेर पडलं की ते चेशमला थांबत नाही. घरून काम करणाऱ्याने हे कायम लक्षात ठेवावं. जे काम माडीवर येऊ शकतं, ते उद्या दुसऱ्या कुणाच्या माडीवर जाऊही शकतं. शर्लीबाई ऑगस्ट २०२५ मध्ये, ९१ व्या वर्षी गेल्या.

अलीकडचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. याहूने २०१३ साली घरून काम बंद केलं, आयबीएमने २०१७ मध्ये हजारो लोकांना परत बोलावलं, आणि २०२० साली एका विषाणूने सगळ्या जगालाच घरी बसवलं. पण त्या आधीचा एक अभ्यास फार बोलका आहे. स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी शांघायच्या सीट्रिप कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१०-११ साली नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. वा! पण दोन गोष्टी अजून निघाल्या. तेवढंच चांगलं काम करूनही घरी बसणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता घटली. आणि प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली तेव्हा घरी बसलेल्यांतले साधारण निम्मे ऑफिसात परत आले. कारण? एकटेपणा.

याच ब्लूम यांनी २०२४ साली त्याच कंपनीतल्या १,६१२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यात दोन दिवस घरी, तीन दिवस ऑफिसात. बढतीवर काही परिणाम नाही, नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी. आणि सॉफ्टवेअर इंजिनियरांवर झालेल्या आणखी एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की टीमच्या जवळ बसणाऱ्यांना आपल्या कोडवर सुमारे वीस टक्के जास्त सूचना मिळतात. त्याचा सगळ्यात जास्त फायदा नवख्यांना होतो, आणि किंमत मोजतात सीनियर, कारण शिकवण्यात त्यांचा वेळ जातो.

इथे मला माझं कोडं सुटलं. माझं काम वाईट नव्हतं. मी दिसत नव्हतो. आणि पहिल्या नोकरीत, पुण्यात, ज्या सीनियरने माझा कोड लाल पेनाने रंगवून माझ्या टेबलावर आपटला होता, त्याने मला जे दिलं त्याची किंमत मला तेव्हा कळली नव्हती. ते मावसभावाला माडीवर कोण देणार?

रविवारी मी त्याला फोन केला. म्हटलं, पुण्याला जा, दोन वर्षं शीक, मग खुशाल घरी ये. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, पटतंय. पण दोन वर्षांनी आई तेवढीच असेल का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आठवलं की शर्लीबाईंच्या प्रोग्रामर बायकाही काही हौस म्हणून घरी बसल्या नव्हत्या. घरात कुणीतरी होतं ज्याला सोडून जाता येत नव्हतं. त्यांनी "घर की काम" असं न विचारता, घरात बसून काम नीट कसं करता येईल ते शोधलं. तेव्हा मी प्रश्न बदलला. नोकरी कोणती, हे तू ठरवलंयस. आता ऑफिसात जे फुकट मिळतं ते मागून कसं घ्यायचं, ते बघू.

आम्ही दोघांनी बसून त्या जर्मन कंपनीला मेल लिहिली. मागण्या दोनच. पहिले सहा महिने रोज दोन तास एका सीनियरबरोबर बसून, म्हणजे स्क्रीनवर एकत्र, कोड लिहायचा. आणि पहिल्या वर्षात तीन आठवडे तिकडे जाऊन सगळ्यांना भेटायचं. पहिली मागणी लगेच मान्य झाली. दुसरीला "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर आलं, म्हणजे काय ते आपण समजतोच. बाकी गोष्टी त्याच्या त्याने करायच्या. केलेलं प्रत्येक काम लिहून ठेवायचं. साहेबाशिवाय निदान तीन माणसांना आपलं काम माहीत असेल असं बघायचं. आणि सांगलीला दोन मित्र एक जागा भाड्याने घेतायत, तिथे आठवड्यातून दोन दिवस जाऊन बसायचं. निल्सची विमा कंपनी, सांगली शाखा म्हणा.

माझ्यावरही एक काम आलं आहे. दर रविवारी सकाळी मी त्याचा आठवड्याचा सरावाचा कोड तपासतो. लाल पेन नाही, पण कॉमेंट लाल रंगात टाकतो. गेल्या रविवारी तो चिडला आणि फोन ठेवून दिला. संध्याकाळी पुन्हा फोन केला, "दादा, तुझं बरोबर होतं." मला फार बरं वाटलं. माझ्या त्या सीनियरला इतक्या वर्षांनी मेल टाकली आणि आभार मानले.

हे पुरेल का, मला माहीत नाही. तीन वर्षांनी याचंही नाव कुणीतरी बारा मिनिटांत चुकीचं उच्चारेल, ही भीती आहेच. पण तेव्हा याला निदान चार जण ओळखत असतील, आणि मावशी एकटी नसेल.

असो. लांबलं जरा. तपशिलात कुठे चुकलो असेन तर जाणकारांनी जरूर कान धरावा. आणि आपल्यात जे काका-काकू ऐंशीच्या दशकात एक सुटकेस घेऊन आले, त्यांना एक विनंती. तेव्हा तार असती तर तुम्ही आला असता का, हे एकदा लिहाच. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

चू. भू. द्या. घ्या.

ता. क. परवा मावशीच्या शेजारणीने विचारलं, मुलगा कुठे असतो? मावशी म्हणाली, "जर्मनीत असतो. जेवायला खाली येतो."